कोकराच्या भुकेएवढी दोरी

माझ्या भावाच्या, धुळाच्या, धाकट्या मुलाचं बारसं दसऱ्याला झालं, ते साल दोन हजार बेचाळीस. मुलाचं नाव भैरू ठेवलं. बारशानंतर पाचव्या दिवशी आमचा वाडा माणदेशातून कोकणाच्या वाटेला लागला. (आम्हा मेंढपाळ धनगरांत वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं घेऊन एकत्र चालणाऱ्या कुटुंबांच्या तांड्याला आम्ही वाडा म्हणतो.)

त्या वर्षी आमच्याजवळ वाट दाखवणारं एक यंत्र होतं. ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी यंत्राने एकही वळण चुकवलं नाही. बेरीज, भागाकार, सगळं बरोबर केलं. आम्हीही त्याने सांगितलं तसंच चाललो. तरी आमचं एक कोकरू मेलं, आणि आणखी दहा मरता मरता वाचली. यंत्र बरोबर, माणसं बरोबर, मग चुकलं काय?

हे कोडं धुळाच्या मुलीने सोडवलं. तिचं नाव बानू. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. निवासी शाळेत शिकायची आणि सुट्टीला आमच्याबरोबर चालायला आली होती. मी तिची आत्या, हौसाबाई.

आमची चालायची रीत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सकाळी वाड्याचे दोन भाग होतात. पुरुष मेंढरं घेऊन रानातून चारत चारत जातात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादतात आणि सडकेने पुढे जाऊन तळाची जागा बघतात. वाटेत व्यालेल्या मेंढ्यांच्या कोकरांना एवढं चालवत नाही. ती घोड्यावरच्या झोळीत बसून आम्हा बायकांबरोबर येतात. त्यांच्या आया मात्र कळपाबरोबर असतात. मेंढी आपलं कोकरू वासाने ओळखते आणि दुसरीचं कोकरू जवळ आलं तर ढुशी मारते. त्यामुळे सकाळी आठला आईला पिऊन निघालेलं कोकरू दुपारी दोनच्या सुमाराला पुन्हा आईला भेटलंच पाहिजे. बाकी काही चुकलं तर चालतं. ही भेट चुकून चालत नाही.

कधी ठरलेला तळ बदलावा लागतो. विहीर आटलेली असते, नाहीतर शेतकरी नको म्हणतो. मग आम्ही बायका प्रत्येक फाट्यावर एक डहाळी मोडून दगडाखाली ठेवत जायचो. डहाळीचा शेंडा जिकडे, तिकडे आम्ही. मागून येणारे पुरुष शेंडा बघून वळायचे.

त्या साली आमची जुनी वाट बंद झाली. मधून नवा मोठा रस्ता गेला आणि त्याला दोन्ही बाजूंनी माणसाच्या उंचीचं लोखंडी कुंपण घातलं. डोंगराच्या अंगाने दुसरी वाट होती, पण ती आमच्यापैकी कुणीच चाललेलं नव्हतं. अशा वेळी रेहाना मुलाणी आमच्या तळावर आल्या.

रेहानाबाई साताऱ्याच्या. यंत्रं बनवणाऱ्या शास्त्रज्ञ. वय साठीकडे झुकलेलं, डावा गुडघा दुखरा, आणि बोलणं सरळ. त्यांनी तंबाखूच्या डबीएवढं एक यंत्र बनवलं होतं. वर काच, काचेत एक बाण आणि बाणाखाली अक्षरं. त्याला त्या 'वाटाड्या' म्हणायच्या. दोन वाटाडे त्यांनी आणले होते, एक पुरुषांसाठी, एक आमच्यासाठी. पंधरा दिवस आमच्याबरोबर चालून त्यांना यंत्र तपासायचं होतं.

धुळाने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "बाई, ही खाते काय?"

"ऊन," रेहानाबाई म्हणाल्या. "उन्हात ठेवलीत की तिचं पोट भरतं."

"मग आमच्यापेक्षा बरी. आम्ही उन्हात राहिलो की पोट रिकामंच होतं."

बानूला खाण्यापिण्यात रस नव्हता. तिने विचारलं, "मॅडम, आपण कुठे आहोत हे हिला कळतं कसं? हिला डोळे तर नाहीत."

रेहानाबाईंनी माझ्याकडे लोकरीचं सूत मागितलं. तीन खुंट्या घेऊन त्यांनी जमिनीत लांब लांब ठोकल्या. पहिल्या खुंटीला चार हात सूत बांधलं आणि दुसरं टोक बानूच्या हातात दिलं.

"सूत ताणून धर आणि फिर. तू कुठे कुठे उभी राहू शकतेस?"

बानू खुंटीभोवती गोल फिरली. "या गोलावर कुठेही."

मग त्यांनी दुसऱ्या खुंटीला पाच हात सूत बांधलं आणि तेही तिच्या हातात दिलं. दोन्ही सुतं एकदम ताणलेली राहतील अशा दोनच जागा सापडल्या. तिसऱ्या खुंटीचं सूत हातात आलं, तेव्हा एकच जागा उरली.

"झालं," रेहानाबाई म्हणाल्या. "तीन खुंट्यांपासूनचं अंतर कळलं की जागा कळते. आपल्या खुंट्या आकाशात आहेत. त्यांना उपग्रह म्हणतात. (पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी, माणसाने सोडलेली यंत्रं.)"

"पण तिथपर्यंत सूत कुठलं?"

"सूत नाही, हाक. उपग्रह सारखी रेडिओची हाक मारत असतो, 'आत्ता इतके वाजले, मी अमक्या ठिकाणी आहे.' ही हाक एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाते. तरी उपग्रह वीस हजार किलोमीटर उंच असल्यामुळे ती इथे पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. हाक किती उशिरा आली ते वाटाड्या मोजतो. उशीर गुणिले वेग म्हणजे अंतर. ते अंतर म्हणजेच आपलं सूत."

बानूने डबी उलटून बघितली. "आणि डबीतलं घड्याळ मागे पडलं तर?"

रेहानाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "पडतंच. डबीतलं घड्याळ स्वस्तातलं असतं. म्हणून चौथ्या उपग्रहाचीही हाक ऐकायची. चार सुतं एका जागी जुळेनात, तर घड्याळ चुकतंय असं समजून ते जुळेपर्यंत सारखं करायचं."

धुळा मला हळूच म्हणाला, "हौसाक्का, पोरगी आपली आणि बाई परकी, पण दोघींची भाषा एकच दिसते."

आठ दिवस तळ जवळ जवळ होते आणि वाटाड्या चांगला चालला. ओढा म्हटला तिथे ओढा निघाला, खिंड म्हटली तिथे खिंड. वाटाड्यावर भरवसा बसला, तसा नवव्या दिवशी धुळा मला म्हणाला, "आता डहाळ्या कशाला मोडता? बाण दोघांजवळ आहे. झाडांना तरी जरा सुख लागू द्या."

मला ते आवडलं नाही. पण वाद घालण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. वाटाड्या खरंच चुकत नव्हता.

त्या सकाळी पुढच्या तळाचं ठरत होतं. रेहानाबाईंनी वाटाड्याला विचारलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. "पुढे सोळा किलोमीटरवर घोणशेत आहे. पाणी आहे, पडीक रान आहे. घोडी आणि मेंढरं, दोन्ही दुपारी तीनच्या आत पोहोचतील."

"तीन?" मी म्हणाले. "कोकरांना उशीर होतो."

"घटकाभराने काय होतं?" धुळा म्हणाला. "चार गवताच्या काड्या आधी मिळतील. आपल्या मागून अजून तीन वाडे येतायत. निघताना पोटभर पाज म्हणजे झालं."

झोळीत घालायची अकरा कोकरं होती. नऊ चार-पाच दिवसांची. उरलेली दोन त्याच पहाटे जन्मलेली जुळी. त्यातलं धाकटं, म्हणजे अकरावं, अंगाने बारीक होतं. त्याला चीकही धड ओढता येत नव्हता. (चीक म्हणजे व्यालेल्या मेंढीचं पहिलं, घट्ट दूध. त्यानेच कोकराच्या अंगात ऊब येते.) मी त्याचं तोंड आईच्या सडाला लावून बसले. जेवढं प्यायलं तेवढं प्यायलं.

साडेआठला आम्ही बायका सडकेला लागलो. मेंढरं नऊला निघायची, ती पावणेदहाच्या सुमाराला हलली. गुडघ्यामुळे रेहानाबाई नेहमी आमच्या बाजूने, घोडीवर बसून यायच्या. बारीक कोकराची झोळी त्यांच्याच घोडीला होती.

ओढ्याच्या पाण्याचा वास घेत आम्ही सावरओढ्याच्या उतारावरून गेलो. तिथे पुरुषांची रानवाट आणि आमची सडक एका जागी येतात आणि पुन्हा फुटतात. पुढे सगळा काळा कातळ लागला. झाड नाही, पाणी नाही. साडेबाराला घोणशेत आलं. वाटाड्याच्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली. बानूने वाचली, "तुम्ही पोहोचलात."

आम्ही पोहोचलो होतो हे खरं. पण मेंढरांचा पत्ता नव्हता.

एक वाजता कोकरं ओरडायला लागली. बानूची आई, सगुणा, भैरूला मांडीवर घेऊन पाजत होती. ती म्हणाली, "याचं बरं आहे, याची आई याच्याबरोबर चालते."

बानूने आमच्या वाटाड्यावर पुरुषांचा ठिपका बघितला. तो अजून अकरा किलोमीटर मागे होता.

"आत्या, काल मेंढरं एका तासात किती गेली होती?"

"दीड. चरत चालली तर दीडच. रोजचंच आहे ते."

तिने मातीत काडीने आकडे मांडले. अकराला दीडने भागलं. "सात तास वीस मिनिटं. म्हणजे आबा रात्री आठनंतर पोहोचणार!" (धुळाला, आपल्या बापाला, ती आबा म्हणायची.)

रेहानाबाई उठून उभ्या राहिल्या. "असं कसं? मी दोन्ही वेग घातले होते. घोडी तासाला चार किलोमीटर, मेंढरं दीड." मग त्यांनी आपलंच गणित तोंडाने म्हणून बघितलं. चार आणि दीड, साडेपाच. त्याचे निम्मे पावणेतीन. सोळाला पावणेतीनने भागलं, की सहा तासांना थोडे कमी. नऊला निघालं की तीनच्या आत.

"मी सरासरी काढली," त्या म्हणाल्या.  (सरासरी म्हणजे सगळे आकडे मिळवून, ते जितके आहेत तितक्याने भागल्यावर येणारा आकडा.)

"पण पावणेतीनने कोण चाललं?" बानूने विचारलं.

कुणीच चाललं नव्हतं. आम्ही चारने चाललो, मेंढरं दीडने. पावणेतीनने चालणारा प्रवासी जगात नव्हता, आणि वाटाड्याने दुपारी तीनची वेळ त्याला दिली होती.

बोलत बसायला वेळ नव्हता. मी धुळाला फोन लावला. फोन माझ्या मागच्या घोडीवर, त्याच्या धोतराच्या गाठोड्यात वाजला. फोन तो नेहमी तिथेच ठेवायचा, पडू नये म्हणून.

"थांबा, वाटाड्यावरून निरोप जातो," रेहानाबाई म्हणाल्या. आहात तिथेच थांबा, असा निरोप त्यांनी पाठवला. पुढे कळलं ते असं, की धुळाच्या डबीवर 'गंतव्यस्थान अद्ययावत करण्यात आले आहे' अशी ओळ उमटली, डबी तीनदा थरथरली, आणि धुळाला वाटलं तिला ऊन जास्त झालं. त्याने ती घोंगडीत गुंडाळून ठेवली. धुळाला अक्षरं वाचता येत नव्हती. मलाही तेव्हा येत नव्हती. आम्हाला एवढंच कळलं, की उलट निरोप येत नाही.

"मग कोकरं उलटी न्यायची," मी म्हणाले. "सामान इथेच राहू दे. दोन घोडी पुरे."

"पण कुठपर्यंत?" रेहानाबाई विचारत होत्या. "ते पुढे येतायत, आपण मागे जाणार. भेट कुठे होईल?"

बानू पुन्हा मातीत बसली. "एका तासात आपण चार जाऊ, ते दीड येतील. म्हणजे मधलं अंतर तासाला साडेपाचने कमी होतं. अकरा भागिले साडेपाच, दोन. दोन तासांनी भेट! आपण आठ किलोमीटर चाललेलो असू, ते तीन."

मघाशी याच साडेपाचाचे निम्मे केले, तर उत्तर चुकलं. आता त्याने अंतराला भागलं, तर बरोबर आलं. बेरीज तीच होती. दोघं समोरासमोर येत असतात तेव्हा वेग मिळवायचे असतात. दोघांना वेगवेगळं चालून एकाच ठिकाणी पोहोचायचं असतं तेव्हा हळू चालणाऱ्याचाच वेग धरायचा असतो. कोणता प्रश्न आहे ते आधी ओळखायचं.

रेहानाबाईंनी वाटाड्यावर आठ किलोमीटरची जागा बघितली. मला दाखवली. मी बाणाखालची अक्षरं नाही, डोंगराची रेघ बघितली.

"इथे नको. हा कातळ आहे. इथे मेंढरं थांबायची नाहीत, आणि दोन वाटा लांब लांब आहेत. ती वरून जातील, आपण खालून. चुकामूक होईल. अजून अर्धा किलोमीटर मागे सावरओढा आहे. तहानलेलं मेंढरू पाणी बघितलं की कुणी न सांगता थांबतं. शिवाय तिथे वाटा एक होतात."

"साडेआठ किलोमीटर," बानू म्हणाली. "आपल्याला सात-आठ मिनिटं जास्त लागतील. आबांना निरोप मिळाला नाही तरी चालेल!"

"गणिताने जागा दिली," रेहानाबाई म्हणाल्या, "पण मुक्काम तुम्ही दिलात, हौसाबाई." आणि त्या घोडीकडे चालायला लागल्या.

"बाई, तुमचा गुडघा?"

"गुडघ्याने चूक केलेली नाही. मी केलीय. मी येणार."

बारीक कोकरू त्यांनी मांडीवर घेतलं आणि पदराने झाकलं. दहा कोकरं झोळ्यांत. एक घोडी मी धरली, एक बानूने. ऊन डोळ्यांवर होतं. एका हातात घोडीचा कासरा, दुसऱ्या हाताने झोळी सावरायची, त्यात वाटाड्या बघायचा कशाने? मी तो कमरेला खोचला आणि पुन्हा काढलाच नाही. रेहानाबाई मागून ते बघत होत्या.

पहिल्या तासात कोकरं सारखी ओरडत होती. दुसऱ्या तासात ती गप्प झाली. बानूला बरं वाटलं. मला वाटलं नाही. भुकेलं कोकरू गप्प होतं तेव्हा त्याच्यात ओरडायचंही बळ उरलेलं नसतं.

तीन वाजून गेल्यावर सावरओढ्याचा उतार लागला. आधी आमचा कुत्रा दिसला, मग पाण्यावर बसलेली मेंढरं. आमच्या घोडीचा वास पोहोचला आणि दहा मेंढ्या एकदम उठल्या. त्यांच्या हाका ऐकून झोळ्यांमध्ये वळवळ सुरू झाली. आम्ही कोकरं खाली सोडली. कोण कुणाचं हे बघावं लागलं नाही. एका मिनिटात दहा शेपट्या हलायला लागल्या.

धुळा पळत आला. "अरे, तुम्ही उलट्या कशा? बाण तर... बाण कुठाय माझा?" तो घोंगडी उलगडायला लागला.

रेहानाबाई अजून घोडीवरच होत्या. "याला आधी घ्या," त्या म्हणाल्या, "हे शांत झोपलंय बिचारं."

बानूने पदर बाजूला केला. तिने कोकराच्या पोटाला हात लावला. आमची मुलं लहानपणापासून हे ओळखतात.

"मॅडम," ती म्हणाली, "ते झोपलेलं नाही."

त्याची आई घोडीभोवती फिरत राहिली. तिचं थोरलं पिल्लू पीत होतं, तरी ती मान वर करून वास घेत होती. रेहानाबाईंना ते बघवलं नाही, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. ओढ्याच्या काठाला धुळाने खड्डा केला. तो त्यांना एवढंच म्हणाला, "बाई, बारीक होतं. कदाचित घरी असतं तरी..."

"कदाचित," त्या म्हणाल्या. "पण वाट मी दिली होती."

त्या रात्री तळ ओढ्यावरच पडला. सगुणा आणि बाकीचं बिऱ्हाड धुळाने माणसं पाठवून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेहानाबाईंनी एक कोरी वही काढली. मला वाटलं आता त्या आमची रजा घेतील. त्यांनी माझ्या शेजारी बसकण मारली.

"हौसाबाई, मी वाटाड्या बनवायच्या आधी चारशे पायी चालणाऱ्या माणसांना विचारलं होतं. किती चालता, किती थांबता, किती पाणी लागतं. सगळ्यांची सरासरी काढली आणि त्या सरासरी प्रवाशासाठी यंत्र केलं. आता सांगा, मी कुठे चुकले?"

 बानूने उठून माझी आणि धुळाची वहाण आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"आत्याच्या पायात सहा नंबर, आबांच्या पायात दहा. सरासरी आठ. आठची वहाण आणली तर आबांना चावेल आणि आत्याच्या पायातून निसटेल. दोघांसाठी केलेली, आणि दोघंही अनवाणी!"

धुळा हसला. "माझी वहाण परत ठेव. शास्त्रज्ञांना वास यायचा."

रेहानाबाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या. "मग कुणाच्या मापाने करायची? मी तर असं धरून चालले होते, की डबी ज्याच्या हातात तो प्रवासी."

"डबी कुणाच्या का हातात असेना," मी म्हणाले. "आम्ही तरी कुठे आमच्यासाठी थांबतो? कोकराला भूक लागते म्हणून थांबतो. कोकरू नसतं, तर आम्ही सोळा काय, वीस किलोमीटर चाललो असतो."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पान उलटून वहीच्या पहिल्या पानावर गेल्या आणि तिथे एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते मला वाचता येत नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

त्या पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, दोन महिने राहिल्या. पहिले आठ दिवस त्यांनी काही बनवलं नाही. फक्त बघितलं आणि विचारलं. माझा कोणता हात मोकळा असतो? (कोणताच नसतो.) उन्हात काच दिसते का? अंगठ्याला काय कळतं? घोंगडीची लोकर डबीच्या फटीत जाते का? पुरुषांना विचारून झालं की तोच प्रश्न त्या बायकांना विचारायच्या, आणि उत्तर वेगळं आलं की खूश व्हायच्या.

मग त्यांनी यंत्रातून एकेक गोष्ट काढून टाकली. अक्षरं गेली. नकाशाचं चित्र गेलं. बाणाच्या जागी डबीच्या पाठीवर एक उंचवटा आला, तो वाटेच्या दिशेला सरकायचा आणि न बघता अंगठ्याला कळायचा. डबी हातात धरायची नाही, घोडीच्या कासऱ्याला आणि पुरुषांच्या काठीला बांधायची. एक बटण आलं. तळ बदलला की फाट्यावर ते दाबायचं, म्हणजे मागच्यांच्या वाटाड्याचा उंचवटाही तिकडे वळायचा. ही त्यांची डहाळी. मात्र खऱ्या डहाळ्याही मोडत राहा, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

सगळ्यात महत्त्वाची होती ती दोरी. डबीच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ होती. वाटाडे दर मिनिटाला दोन गोष्टी मोजायचे. एक, आत्ता दोघं एकमेकांकडे निघाले तर भेटायला किती वेळ लागेल. दोन, कोकराला भूक लागायला किती वेळ उरला आहे. उरलेला वेळ भरपूर असेल, तर रेघ हिरवी आणि सैल, नागमोडी. दोन्ही वेळा जवळ आल्या, की पिवळी. आता निघालं नाही तर उशीर होईल, अशी वेळ आली की लाल आणि ताठ सरळ, आणि काठी थरथरायची. दोन टोकं कितीही लांब जावोत, मधली दोरी कोकराच्या भुकेहून जास्त ताणायची नाही.

"म्हणजे या डबीला आता कोकराची भूक लागते," धुळा म्हणाला.

"हो," रेहानाबाई म्हणाल्या. "चारशे माणसांना विचारून जे मला कळलं नाही, ते तेवढंच आहे."

त्या साली आम्ही कोकणात उतरलो, तोपर्यंत आणखी सव्वीस कोकरं झाली. एकही गेलं नाही.

पुढे तोच वाटाड्या दुसऱ्यांकडेही गेला. डोंगरातून शाळेत चालत येणाऱ्या मुलांकडे गेला, म्हाताऱ्या माणसांना फिरायला नेणाऱ्यांकडे गेला. प्रत्येक ठिकाणी सुरू केला की तो बोलून पहिला प्रश्न एकच विचारतो, "तुमच्यात सगळ्यात कमी दम कुणाचा?" शाळेच्या वाटेवर उत्तर येतं, पहिलीतली मुलगी. मग सगळ्यांची वाट तिच्या पायांनी मोजली जाते, आणि मोठी मुलं कुरकुरतात, पण सगळी मिळून पोहोचतात.

बानू आता छत्तीस वर्षांची आहे आणि तिचं काम चंद्रावर पायी फिरणाऱ्यांसाठी वाटाडे बनवायचं आहे. तिथे गवत नाही, ओढा नाही आणि चार माणसं चार दिशांना जातात. मी तिला विचारलं, तिथे कोकरू कोण गं? ती म्हणाली, "ज्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा सगळ्यात कमी, तो. आणि आत्या, ते दर तासाला बदलतं. एकदा एक कोकरू, मग दुसरं." हे गणित मला पुरतं कळलं नाही. तिला कळलंय, ते पुरे. पुढच्या वर्षी तिची पहिली दोरी तिकडे जाणार आहे.

रेहानाबाईंची ती वही त्यांच्या लेकीने मागच्या महिन्यात माझ्याकडे पाठवली. मी पुढे वाचायला शिकले, म्हणून पहिलं पान माझं मीच वाचलं. वर लिहिलं होतं, 'प्रवासी कोण?' खाली उत्तर होतं, 'एका दिवसाचं कोकरू.'

रेहाना मुलाणी दोन हजार सदुसष्ट सालच्या पौषात, साताऱ्याला, लेकीच्या घरी वारल्या. धुळा त्यांच्या दोन वर्षं आधी, आषाढात वारला. ते अकरावं कोकरू दोन हजार बेचाळीसच्या कार्तिकात, दुपारी तीनच्या आधी, सावरओढ्याच्या वाटेवर मेलं.